दोन बटा पांढऱ्या

माझ्या किटच्या तळाशी एक चपटी डबी असते. पांढऱ्या रंगाची. सोबत दात घासायचा जुना ब्रश, दाते फिसकटलेला. कुणाला ‘आई’ करायचं असलं की ही जोडी बाहेर येते. ब्रश पाण्यात बुडवायचा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत झटकायचा, रंगावर दोनदा फिरवायचा आणि कानशिलापासून मागे ओढायचा. नुसता पांढरा लावला तर कॅमेऱ्यात निळसर दिसतो, डोक्यावर पीठ सांडल्यासारखा. म्हणून मी त्यात कणभर पिवळा मिसळते. हे कुणी शिकवलं नाही, बोलणी खाऊन शिकले.

मी हेअरड्रेसर आहे. १९९४ पासून सिनेमात आणि मालिकांत दुसऱ्यांचे केस विंचरते. इथे एरवी मी तेलं, कंगवे आणि विग धुवायच्या पद्धती याबद्दल लिहिते. आज जरा वेगळं.

गेल्या आठवड्यात २९ वर्षांची एक नटी माझ्यासमोर बसली होती. भांग पाडताना मला एक पांढरा केस दिसला. एकच. मी काही बोलले नाही, पण आरशात तिने माझी नजर पकडली. ‘काढा,’ म्हणाली. काढला. तिने तो तळहातावर घेतला, मोबाइलने त्याचा फोटो काढला, थोडा वेळ बघितला आणि डिलीट केला. मग मला विचारलं, ‘ताई, आता माझ्या हातात किती वर्षं आहेत असं वाटतं तुम्हाला?’ बाहेर तिच्यासोबत ज्यांचा सीन लागला होता ते सर ६४ वर्षांचे. त्यांना हा प्रश्न पडला असता तर तो तब्येतीबद्दल असता.

त्या सरांना मी २००२ पासून ओळखते. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते, आणि तो दिवस मला चांगला लक्षात आहे, कारण त्या दिवशी मी आमच्या ताईंना पहिल्यांदा म्हातारं केलं.

ताईंचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी त्यांच्याकडे पर्सनल हेअरड्रेसर म्हणून लागले तेव्हा त्या नायिका होत्या. अगदी पहिल्या फळीतल्या नाही, पण पोस्टरवर चेहरा मोठा असायचा. पावसातलं गाणं असलं की टेकच्या मधल्या वेळेत मी टॉवेल घेऊन धावायचे. केस दाट, कमरेपर्यंत, आणि मुळातच इतके काळे की बॅक लाइट मारल्याशिवाय पडद्यावर नुसता गोळा दिसायचा. मग दोन वर्षं काम कमी कमी होत गेलं. काही घडलं नव्हतं, एखादा सिनेमा आपटला म्हणूनही नाही. फोन यायचे थांबले. आणि मग जो फोन आला तो आईच्या भूमिकेसाठी.

ताई तेव्हा ३६ वर्षांच्या. मुलगा कोण, तर हे ४१ वर्षांचे सर.

लुक टेस्टला दिग्दर्शक स्वतः व्हॅनिटी व्हॅनमध्ये येऊन उभे राहिले. मी उजव्या कानशिलापाशी एक बट पांढरी केली. ‘अजून,’ ते म्हणाले. डावीकडे एक. ‘अजून.’ भांगाच्या दोन्ही बाजूंना थोडं. ते मागे सरकले, डोळे बारीक केले. ‘नाही वाटत आहे हो. अजून घ्या.’ ताई आरशात माझ्याकडे बघत होत्या, दिग्दर्शकाकडे नाही. हळूच म्हणाल्या, ‘दोन बटा पुरेत ना गं?’ मी ब्रश हातात धरून उभी. पुरेत म्हणायचा अधिकार मला नव्हता आणि त्यांनाही नव्हता. शेवटी पुढचा सगळा भाग पांढरा झाला, केस ओढून आंबाडा बांधला, तेव्हा दिग्दर्शक म्हणाले, ‘हां, आता कसं!’

हे संपतं न संपतं तोच असिस्टंट डिरेक्टर दार वाजवत आला. सरांचा माणूस आज आलेला नाही, रूट्स दिसतायत, पाच मिनिटं येता का. गेले. सरांचे केस कानशिलापाशी मुळापासून चांगले पांढरे झाले होते. हे सगळं खरं, देवाने दिलेलं. मी ते काळे केले. सर स्वभावाने साधे माणूस, हसून म्हणाले, ‘आमच्या आईसाहेब तयार झाल्या का?’ परत येऊन बघते तर माझ्या एप्रनवर एका बाजूला पांढरे ठिपके, दुसऱ्या बाजूला काळे.

टेस्टचा शॉट म्हणजे मुलगा परदेशातून येतो आणि आईच्या पाया पडतो. मी मॉनिटरपाशी उभी राहून केस बघत होते. ताईंच्या बटा नीट होत्या. सरांच्या कानामागे थोडा काळा रंग उतरला होता, तो मी जाऊन टिश्यूने पुसला.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुठलाही जुना सिनेमा लागला की मी आई आणि मुलाची वयं मोजते. हल्ली भाची मोबाइलवर जन्मतारखा काढून देते, त्यामुळे आमचा सिनेमा बघून होत नाही, हिशेबच होतो. निरुपा रॉय यांचा जन्म १९३१चा. ‘मुनीमजी’ आला १९५५ मध्ये, त्यात त्या देव आनंदच्या आई झाल्या. वय वर्षं २४, आणि देव आनंद त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. म्हणजे ‘दीवार’च्या वीस वर्षं आधीच त्या पडद्यावर आई झाल्या होत्या. १९८२ या एकाच वर्षात राखी ‘बेमिसाल’मध्ये अमिताभसमोर नायिका आहेत आणि ‘शक्ती’मध्ये त्यांच्या आई. अमिताभ राखीपेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी मोठे. त्या वर्षी राखींच्या हेअरड्रेसरने काय काय केलं असेल, हे मला फार विचारावंसं वाटतं. एका सेटवर काळे, दुसऱ्या सेटवर पांढरे, आणि मधे फक्त शाम्पू.

आपल्या मराठी बायकांचं तर विचारूच नका. हिंदीला आया पुरवायचं कंत्राट जणू आपल्याकडेच होतं. सुलोचनादीदी मराठीत नायिका म्हणून गाजलेल्या, आणि १९५९ च्या ‘सुजाता’मध्ये नूतनला सांभाळणारी आई. दोघींच्या वयात फरक आठ वर्षांचा. रीमा लागू ‘मैंने प्यार किया’च्या वेळी ३१ वर्षांच्या होत्या, सलमानपेक्षा सात वर्षांनी मोठ्या, नि पुढे दहा वर्षांनी ‘वास्तव’मध्ये संजय दत्तच्या आई, तेव्हा अंतर उरलं एका वर्षाचं. ‘पुरुष’ नाटकातली रीमा ज्यांनी पाहिली त्यांना विचारा, ती बाई काय काय करू शकत होती ते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तरुण नटीने म्हातारी करणं ही काही वाईट गोष्ट नाही, तो तर अभिनय. ‘मदर इंडिया’मध्ये नर्गिस आणि सुनील दत्त यांच्या जन्मतारखांत पाच दिवसांचं अंतर आहे, दोघं जून १९२९ चे, आणि पडद्यावर आई-मुलगा. पण तिथे गोष्टच नवरीपासून म्हातारीपर्यंत जाते, ती कुणीतरी एकीनेच करायची. ‘आराधना’मध्ये शर्मिला टागोरही तशाच. माझ्या दृष्टीने तर ही कामं म्हणजे केसांचा उत्सव असतो. काळे, मग विरळ पांढरे, मग पूर्ण पांढरे, प्रत्येक टप्पा वेगळा करायला मिळतो. माझी तक्रार वेगळी आहे. पांढरा रंग नटाला लावला तर तो पॅकअपनंतर धुऊन निघतो. नटीला लावला की बाहेरच्या लोकांच्या डोळ्यांत तसाच राहतो.

‘सारांश’ घ्या. १९८४. अनुपम खेर २८-२९ वर्षांचे, रोहिणी हट्टंगडींचंही वय काही म्हातारीचं नव्हतं. त्याआधी ‘गांधी’तली कस्तुरबा करून त्यांनी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवलेला. दोघांनी मिळून उभं केलेलं ते म्हातारं जोडपं बघताना आजही माझे हात केसांकडे जातात, कसं केलं असेल म्हणून. मग १९९० साली ‘अग्निपथ’. रोहिणीताई अमिताभच्या आई. अमिताभ वयाने त्यांच्याहून मोठे. त्याही कामाला फिल्मफेअर मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. पण कुणा नटाला, तू परवा म्हातारा झाला होतास ना, मग आता तुझ्याहून मोठ्या नटीचा बाप हो, असं सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. कुणाला आठवत असेल तर सांगा, मी भाचीला कामाला लावते.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. हॉलिवूडची सॅली फील्ड १९८८ मध्ये टॉम हँक्स जिच्या प्रेमात पडतो ती बाई होती आणि १९९४ मध्ये ‘फॉरेस्ट गम्प’मध्ये त्याची आई. दहा वर्षांचं अंतर आहे दोघांत. मॅगी जिलनहालने २०१५ मध्ये सांगितलं होतं की ५५ वर्षांच्या नटाची प्रेयसी म्हणून तिला नकार आला, का, तर ती ३७ ची, म्हणजे म्हातारी.

असो. ताईंकडे येते.

बाहेरच्यांना वाटतं, नायिका ‘आई’ झाली म्हणजे भूमिका बदलली. सेटवर भूमिका ही बदलणारी शेवटची गोष्ट. नायिका असते तेव्हा तिचा मेकअपमन, तिची हेअरड्रेसर आणि तिचा स्पॉटबॉय यांचा खर्च निर्माता उचलतो, करारातच असतं. कॅरेक्टर आर्टिस्ट झालं की ‘प्रॉडक्शनचं हेअर वापरा’. म्हणजे त्या पांढऱ्या बटांनी ताईंबरोबर माझंही काम गेलं. त्यांनी सहा महिने मला स्वतःच्या पैशांतून ठेवलं. मग एक दिवस त्यांनीच विषय काढला, मी रडले, त्या नाही रडल्या. व्हॅनिटी पूर्ण होती ती अर्धी झाली, पुढे तिघींत एक. करार सिनेमाचा असायचा तो दिवसाचा झाला. नायकाचं शूटिंग ६० दिवस चालतं, आईचं आठ-नऊ दिवसांत गुंडाळतात, तेही सलग नाही, सरांच्या तारखा मिळतील तसं. त्या मधल्या दिवसांत दुसरं काम घेता येत नाही, कारण कधी बोलावतील सांगता येत नाही. आणि आई बहुतेक वेळा उभी असते. दारात, पलंगाशेजारी, हॉस्पिटलच्या काचेबाहेर. तिला बसून बोलायचा सीन मिळाला की ताई मला मुद्दाम फोन करून सांगायच्या, ‘आज बसवलंय मला.’

मग मालिका आल्या. मालिकेत पुन्हा मी त्यांच्या वाट्याला आले, ते प्रॉडक्शनची हेअरड्रेसर म्हणून. मालिकांनी या बायकांना काम दिलं हे मान्य करायलाच हवं. रोजचं, नियमित, चार-चार वर्षं. पण तिथे वयाचं वेगळंच त्रांगडं. गोष्टीत ‘लीप’ येतो, वीस वर्षं उलटतात, आणि २६ वर्षांची सून एका सोमवारी तरुण मुलांची आई होते. काहीजणी लीप आला की मालिकाच सोडतात, लोक हसतात त्यांना, नखरे म्हणतात. मी नाही हसत. मी त्या डबीचं झाकण कितीदा उघडलंय ते मला माहीत आहे. जी राहते तिच्या कपाळावरचे दोन केस पांढरे करायचे आणि साडीचा रंग फिका. चेहऱ्याला हात लावायचा नाही, चॅनेलला चेहरा ताजा हवा. सासू-सून शेजारी उभ्या राहिल्या की कोण कोणाची कोण हे फक्त पांढऱ्या बटांवरून कळतं.

ताई तेव्हा पन्नाशीला आलेल्या. केस विरळ झाले होते म्हणून वर विग. विगखाली आपले केस चापून बांधायचे, वर जाळी, त्यावर विग, कपाळापाशी लेस चिकटवायची. वर भरजरी साडी आणि गळाभर दागिने, कारण त्या घराण्याच्या मालकीणबाई. आणि नेमके तेव्हाच त्यांना ते सुरू झालं. एकदम छातीतून आग उठायची, मान लाल व्हायची, दोन मिनिटांत घामाच्या धारा. क्लोजअपमध्ये लेस कपाळावरून सुटायला लागली. असिस्टंट डिरेक्टर २४ वर्षांचा मुलगा, घड्याळाकडे बघत विचारायचा, ‘ताई, काय होतंय?’ ताई म्हणायच्या, ‘लाइट लागतोय रे डोळ्यांवर.’ त्यांनी कधी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या युनिटला कळलं असतं की बाईंचं वय झालंय, आणि वय तर सगळ्यांनी मिळून दिवसभर लपवायचं होतं. मग आम्ही दोघींनी खूण ठरवली. त्यांनी डाव्या कानातल्या झुमक्याला हात लावला की मी ‘हेअर चेक’ म्हणून ओरडायचे. हेअर चेकला कोणी नाही म्हणत नाही. बर्फाच्या पाण्यात पिळलेला रुमाल घेऊन मी आत जायचे, विगची मागची बाजू बोटभर उचलायची, रुमाल मानेवर दाबायचा आणि दुसऱ्या हाताने उगाच पुढच्या केसांवरून कंगवा फिरवायचा. पंचेचाळीस सेकंद. त्या सीनची कंटिन्युइटी बघणारी एक पोरगी होती, तिच्या लक्षात आलं होतं बहुतेक. तिने कधी विचारलं नाही. उलट एकदा ताईंचा हात झुमक्याला लागला आणि मी दुसरीकडे बघत होते, तर तीच म्हणाली, ‘हेअर चेक!’

चेहऱ्याबद्दल मी फार बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण जे दिसतं ते दिसतं. पूर्वी फिल्मवर शूटिंग होतं तेव्हा कॅमेरामन लेन्सवर जाळी लावायचे, फिल्टर घालायचे, नायिकेच्या डोळ्यांखाली अलगद समोरून लाइट द्यायचे. त्यात एक माया होती. आताच्या कॅमेऱ्यात छिद्र न् छिद्र दिसतं, मग नंतर संगणकावर बसून ते पुसतात. ज्या बाईंनी कपाळात सुया टोचून घेतल्यात त्यांना दिग्दर्शक म्हणतो, भुवया हलत नाहीत, दुःख दिसत नाही. ज्यांनी नाही घेतल्या त्यांच्याबद्दल मॉनिटरपाशी म्हणतो, फारच थकल्यासारख्या दिसतायत. दोन्ही वाक्यं मी एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दिवशी ऐकली आहेत. नटांच्या बाबतीत ‘सॉल्ट अँड पेपर लुक’ असा शब्द आहे. त्यासाठी वेगळी मीटिंग होते, संदर्भाचे फोटो येतात, दाढीत किती टक्के पांढरे ठेवायचे यावर चर्चा होते. नटीच्या पांढऱ्या केसांना ‘रूट्स दिसतायत’ म्हणतात.

माझं स्वतःचं म्हणाल तर वयाने मला फायदाच झाला. आमच्या कामात हात जितका जुना तितका मान. पोरी नमस्कार करतात, विग बसवायचा म्हटला की मलाच शोधतात. पण मला मेकअपही येत होता, आणि तो करायची परवानगी नव्हती. आमच्याकडे कित्येक दशकं बाईला संघटनेचं मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळायचं नाही. केस बायकांनी करायचे, चेहरा पुरुषांनी. चारू खुराना यांनी हा नियम कोर्टात नेला, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मी तेव्हा ४२ वर्षांची. आनंद झाला, पेढे वाटावे इतका झाला. पण नव्याने शिकाऊ म्हणून कुणाच्या हाताखाली उभं राहायचं तर समोरचा म्हणायचा, ‘ताई, आता या वयात?’ तेव्हा मला ताईंचा फोन थांबल्याची ती दोन वर्षं पहिल्यांदा नीट कळली. त्याआधी मला कळलीत असं मी समजत होते.

बदललंय का काही? थोडं. नीना गुप्तांनी २०१७ मध्ये इन्स्टाग्रामवर सरळ लिहिलं की मी चांगली अभिनेत्री आहे, काम हवंय. पुढच्याच वर्षी ‘बधाई हो’. आमच्या व्हॅनिटीत त्या पोस्टवर दोन दिवस चर्चा होती. तरुण पोरी म्हणत होत्या, कसलं धाडस. ताईंच्या वयाच्या एकजण म्हणाल्या, धाडस कसलं, आम्ही रोज मनात लिहितो, त्यांनी पोस्ट केलं. मराठीत २०२१ मध्ये ‘झिम्मा’ आला, २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’. ‘बाईपण’ला मी भाचीबरोबर गेले होते. थिएटरमध्ये ओळीच्या ओळी बायकांच्या, गटागटाने आलेल्या, आणि पडद्यावर सहा बहिणी, एकीचंही काम नुसतं कुणाची तरी आई एवढंच नाही. रोहिणीताई आणि वंदना गुप्तेंची जुंपली की थिएटर डोक्यावर घेत होतं. त्या दिवशी मी वयं मोजली नाहीत. बाहेर पडल्यावर भाचीनेच आठवण करून दिली.

त्यानंतर महिन्याभरात मला एक लुक टेस्ट आली. नटी ३८, तिचा मुलगा ३३. डबी काढली.

ताईंनी २०२० मध्ये केस रंगवणं सोडलं. ठरवून नाही. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचंच सुटलं, रंगवायला कुणी नाही आणि बघायलाही कुणी नाही. व्हिडिओ कॉलवर मला दाखवायच्या, आज दोन बोटं आले, आज चार बोटं आले. शूटिंग सुरू झाल्यावर सगळ्यांनी पुन्हा रंगवले, यांनी नाही. कापून खांद्यापर्यंत आणले. आणि काय केस! मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ते केस हाताळतेय, पण हा रंग मला माहीतच नव्हता. मी डबीत पिवळा मिसळून जो आणायचा प्रयत्न करते तो इथे नुसताच उगवून आला होता. कपाळापाशी चांदी, मागे राखाडी, मानेजवळ अजून काळा. दोन वर्षं त्यांना काम मिळालं नाही. एका ठिकाणी सांगितलं, आईसाठी जास्त पांढरे आहेत, आजीसाठी चेहरा तरुण आहे, विग लावाल का. म्हणजे खऱ्या पांढऱ्यावर काळा विग आणि त्या विगवर मी माझ्या डबीतून दोन पांढऱ्या बटा ओढणार. ताई फोनवर हे सांगताना इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. नाही म्हणाल्या त्या कामाला.

या वर्षी एका वेब सिरीजमध्ये त्यांना निवृत्त न्यायाधीश केलंय. वय ५९. प्रॉडक्शनने मला बोलावलं, ते त्यांच्या सांगण्यावरून. पहिल्या दिवशी कॉलशीट बघितलं तर त्यांच्या नावापुढे, हेअरच्या रकान्यात लिहिलेलं, ‘स्वतःचे’. मला कामच नव्हतं. तरी मी अर्धा तास विंचरत बसले. दोघी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी कोर्टातला सीन होता. मागे मोठी खिडकी, उन्हाचा झोत. मी मॉनिटरपाशी. दिग्दर्शक तरुण, चांगला मुलगा आहे, ताईंना फार मानतो. टेक झाल्यावर तो मागे वळून मला म्हणाला, ‘मावशी, केस जरा जास्तच चमकतायत पांढरे. पुढच्या पुढे थोडं काळं मारता येईल? अगदी हलकं.’

मी म्हटलं, ‘मागचा लाइट कमी करा.’

कॅमेरामनने माझ्याकडे बघितलं. मग मॉनिटरकडे. मग वर बघून हाक मारली, खिडकीवर एक जाळी चढवा रे. पोरांनी चढवली. पुन्हा बघितलं. कोणी काही बोललं नाही, दिग्दर्शक म्हणाला, ‘रोल.’

ब्रेकमध्ये ताईंनी विचारलं, ‘मघाशी काय म्हणत होता तो?’

‘काही नाही,’ मी म्हटलं, ‘तुमच्या मागे ऊन फार होतं.’